टॉवरच्या पायथ्याचा डबा

अकोले तालुक्यात जुलैमध्ये टॉवरच्या साईटवर जायचं म्हणजे आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. रेनकोट कुठला घालायचा आणि चहा कुठे घ्यायचा. राजूर ओलांडून भंडारदऱ्याच्या अंगाला चढायला लागलं की पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. अशाच एका दिवशी मी एका तंत्रज्ञाबरोबर टॉवरखाली उभा होतो. पायथ्याच्या वाडीतून तीन दिवस तक्रारी येत होत्या. त्याने त्या सगळ्या एका वाक्यात बसवल्या, "सर, काड्या फुल्ल हायेत, पण नेट पळंना."

मोबाइलच्या पडद्यावरच्या त्या चार-पाच काड्यांवर आपला फार विश्वास असतो. पण काड्या सांगतात त्या फक्त फोन आणि टॉवर यांच्यातल्या गोष्टी. टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचतोय, एवढंच. टॉवरपासून पुढे संगमनेर, तिथून नगर किंवा नाशिक, मग पुण्या-मुंबईतलं मुख्य केंद्र, हा जो मागचा लांबलचक प्रवास आहे त्याबद्दल काड्या अवाक्षर काढत नाहीत. या मागच्या वाटेला अभियंते बॅकहॉल म्हणतात. साईटवर काम करणारी मंडळी मात्र 'मीडिया' म्हणतात. "मीडिया डाऊन आहे" याचा वर्तमानपत्रांशी काही संबंध नसतो.

तंत्रज्ञाने कॅबिनेटचं दार उघडलं. वर रेक्टिफायर, खाली बॅटऱ्या, मध्ये रेडिओचं बेसबँड युनिट, आणि त्याच्या बुडाशी जेमतेम पावणेदोन इंच उंचीचा एक करडा डबा. पुढच्या बाजूला बारा-पंधरा भोकं, त्यांतल्या चार-पाचांत पिवळ्या पॅचकॉर्ड, आणि हिरवे दिवे. घरच्या केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स वाटावा असा. हा सेल-साईट राउटर. टॉवरकडे सगळं गाव मान वर करून बघतं. या डब्याकडे कोणी बघत नाही. पण गावातलं प्रत्येक 'हॅलो', पैसे भरल्याचा प्रत्येक संदेश आणि दुकानदाराच्या भोंग्यातून येणारं 'रुपये प्राप्त झाले' याच डब्यातून जातं.

हा डबा निवडायचा कसा, हा या प्रकरणाचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेगाचा आकडा बघून राउटर घेणारा माणूस काष्टीच्या बाजारात शिंगांचा रंग बघून बैल घेणाऱ्यासारखा असतो. जाणता शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, आणि आपलं रान काळं आहे की मुरमाड याचा विचार करतो.

आणि नगरचं रान एकसारखं नाहीच. अहमदनगर, २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना नुसतं नगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर. पश्चिमेला अकोल्यात राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईचं शिखर, १,६४६ मीटर. तिथे घाटघर-रतनवाडीला पावसाळ्यात ढग घरात शिरतात. पूर्वेला पाथर्डी-जामखेडला त्याच दिवसांत लोक आभाळाकडे बघत बसलेले. मध्ये राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा उसाचा पट्टा. एकाच कंपनीला या सगळ्या मुलखात हजारभर टॉवर चालवायचे असतील तर एकाच कॅटलॉगमधलं एकच पान सगळीकडे चालेलच असं नाही.

आता थोडं मागे जाऊ. टू-जीच्या काळात टॉवरची मागची लिंक ई-वन नावाची असायची. सेकंदाला २.०४८ मेगाबिट, त्यात ६४ किलोबिटचे ३२ कप्पे. एका टॉवरला एक-दोन ई-वन म्हणजे डोक्यावरून पाणी. आज एका रीलला ते पुरणार नाही. पण ई-वनमध्ये एक गुण होता, जो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नव्हता. ती एसटीच्या गाडीसारखी होती. प्रवासी असोत-नसोत, ठरलेल्या ठोक्याला सुटायची. आमच्या लहानपणी मुक्कामाची गाडी आली की घरोघरी घड्याळं लावून घेत. टॉवरही तेच करायचा. ई-वनचे बिट ज्या ठोक्याने येत, त्या ठोक्यावर तो स्वतःचं घड्याळ जुळवायचा. वेगळं काही करावं लागत नव्हतं.

इथरनेट म्हणजे काळी-पिवळी जीप. भरली की सुटणार. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथरनेटची कल्पना मांडली ती एका इमारतीतले संगणक एकमेकांना आणि प्रिंटरला जोडायला. माहितीचं पाकीट तयार झालं की पाठवायचं, रस्ता मोकळा नसेल तर थांबायचं. ऑफिसात एखादा कागद अर्धा सेकंद उशिरा छापला गेला तर कोणाचं काय बिघडतं? जगभर खप वाढत गेला तसं इथरनेट इतकं स्वस्त झालं की टेलिफोनवाल्यांची जुनी महागडी यंत्रणा त्याच्यापुढे टिकली नाही. फोर-जी तर मुळातच इंटरनेटच्या पाकिटांवर चालणारं तंत्र. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावोगावचा डेटा एकदम फुगला, तेव्हा ई-वनचे दिवस भरलेच. एसटी बंद झाली, जीप सुरू झाली. माणसं भराभर पोचू लागली. पण गावाचं घड्याळ बंद पडलं.

घड्याळाचं एवढं काय घेऊन बसलात, असं वाटेल. तर हिशेब बघा. टॉवरच्या रेडिओची लहर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीपासून जास्तीत जास्त अब्जात ५० भाग सरकलेली चालते. या दराने घड्याळ सुमारे साडेसात महिन्यांत एक सेकंद चुकेल. मनगटावरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला काही सेकंद सहज चुकतं. पण हे झालं घड्याळ किती वेगाने चालतं याबद्दल. त्यात किती वाजलेत ही वेगळीच गोष्ट, आणि खरी गोम तिथे आहे.

जिओ आणि एअरटेलचं २३०० मेगाहर्ट्झवरचं फोर-जी, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात सुरू झालेल्या फाइव्ह-जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा, या दोन्हींत टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. आधी टॉवर बोलतो, फोन ऐकतो. मग फोन बोलतो, टॉवर ऐकतो. चंदनापुरी घाटात एका बाजूचा रस्ता खणलेला असताना दोन टोकांना हिरवं-लाल निशाण घेऊन माणसं उभी करतात, तसं. दोघांची घड्याळं जुळली नाहीत तर गाड्या घाटाच्या मध्यावर समोरासमोर. इथे परवानगी आहे ती खऱ्या वेळेच्या मागे-पुढे दीड मायक्रोसेकंदाची. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. तेवढ्या वेळात काचेच्या तंतूमधला प्रकाश फक्त ३०० मीटर जातो.

आणखी एक गणित घातल्याशिवाय राहवत नाही. अब्जात ५० भाग चुकणारं, म्हणजे टू-जीला निवांत चालणारं घड्याळ दीड मायक्रोसेकंद सरकायला किती वेळ घेतं? ३० सेकंद. टू-जीचा आदर्श विद्यार्थी फाइव्ह-जीच्या परीक्षेत अर्ध्या मिनिटात नापास.

आणि नापास झालेला टॉवर स्वतःचं नुकसान कमी करतो, शेजाऱ्याचं जास्त. शेजारचे टॉवर फोनचं बारीक बोलणं ऐकायला कान लावून बसलेले असतात, नेमका त्या वेळी हा ओरडतो. त्यामुळे बिघाड एका गावात आणि तक्रार पलीकडच्या दोन गावांतून, असा प्रकार होतो. तरुण अभियंते तक्रार आलेल्या टॉवरवर जाऊन दोन-दोन दिवस शोधतात आणि तिथे काहीच सापडत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे प्रत्येक टॉवरवर जीपीएसची छत्री. उपग्रहाकडून वेळ घ्यायची. बहुतेक ठिकाणी हाच उपाय असतो. पण उघड्यावरची छत्री म्हटली की वीज पडते, केबलमध्ये पाणी शिरतं, माकडं लोंबकळतात, आणि दरीच्या कुशीतल्या टॉवरला आभाळच अर्धं दिसतं. म्हणून जोडीला दुसरी सोय लागते. वेळ इथरनेटवरूनच पाठवायची. तिचं नाव प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल, तंत्रज्ञांच्या तोंडी पीटीपी किंवा नुसतं '१५८८', कारण तो आयईईईच्या मानकाचा नंबर. सध्या वापरात असलेल्या पद्धतीचा पाया २००८ सालच्या आवृत्तीत आहे.

ती चालते अशी. नगरचं मुख्य घड्याळ पाकिटावर वेळ लिहून धाडतं, "निघालो तेव्हा इतके वाजले होते." टॉवरचा राउटर ते मिळाल्याची वेळ टिपतो, मग उलट एक पाकीट पाठवतो, नगर त्याची पोच देतं. चार वेळा हातात आल्या की जाण्या-येण्याचा एकूण वेळ कळतो. त्याचे दोन भाग केले की एका बाजूच्या प्रवासाचा वेळ. सोपं आहे. फक्त यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : जायला जेवढा वेळ लागला, तेवढाच यायला.

हे गृहीतक जिथे मोडतं तिथे राउटरची परीक्षा होते. समजा फायबरची रिंग आहे. जाणारं पाकीट संगमनेरवरून ८० किलोमीटर गेलं आणि येणारं दुसऱ्या अंगाने १२० किलोमीटर फिरून आलं. काचेतून किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. ४० किलोमीटरच्या फरकाचे २००, त्याचे निम्मे, म्हणजे घड्याळात १०० मायक्रोसेकंदांची चूक. परवानगी दीडची. एवढी मोठी चूक निदान लपून राहत नाही. वाईट असते ती बारीक चूक. जेसीबीने केबल तोडली, रात्री स्प्लायसिंगची टीम आली, जोडीतल्या एका तंतूला जुन्या मार्गाने आणि दुसऱ्याला २०० मीटर जास्तीच्या गुंडाळीतून जोडून गेली. लिंक हिरवी. सगळे झोपले. पण घड्याळ अर्ध्या मायक्रोसेकंदाने सरकलं, परवानगीतला तिसरा हिस्सा एका गुंडाळीत गेला. म्हणून माझा कल शक्य तिथे जाणं-येणं एकाच तंतूवर करणाऱ्या बायडाय एसएफपी मॉड्यूलकडे असतो. दोन दिशांचे रंग वेगळे असल्यामुळे किंचित फरक त्यातही राहतो, पण तो गुंडाळीएवढा नसतो.

आता कॅटलॉगकडे वळू. 'आयईईई १५८८ सपोर्टेड' ही ओळ जवळपास प्रत्येक राउटरच्या पानावर असते. तिचे अर्थ दोन. एक, हा राउटर वेळेची पाकिटं इतर पाकिटांसारखी पुढे ढकलतो. तसं तर साधा घरगुती स्विचही करतो. दुसरा अर्थ, हा राउटर पाकीट पोर्टवर पाय ठेवतो त्या क्षणी हार्डवेअरमध्ये शिक्का मारतो, स्वतःचं घड्याळ जुळवतो आणि पुढच्याला ताजी वेळ देतो. याला बाउंडरी क्लॉक म्हणतात. आपल्याला हवा तो हा. मग विचारायचं, वर्ग कोणता? 'ए' वर्गाचा डबा आपल्या अंगची ५० नॅनोसेकंदांपर्यंत चूक घालू शकतो, 'बी' २०, 'सी' १०. टॉवरमागे टॉवर अशी दहा डब्यांची साखळी असेल तर 'ए' वर्गात ५०० नॅनोसेकंद नुसते डब्यांतच गेले. नगरसारख्या लांबलचक जिल्ह्यात साखळ्या लांबच असतात. शहरात 'ए' वर्ग चालून जातो, अकोल्याच्या टोकाला तो मी घेणार नाही.

जोडीला सिंक्रोनस इथरनेट पाहिजेच. ही म्हणजे जीपला पुन्हा एसटीचा ठोका दिल्यासारखी सोय. पाकिटं हवी तेव्हा येवोत, पण तारेतले बिट मात्र मुख्य घड्याळाच्या चालीने धावतात. वेळेची पाकिटं काही कारणाने थांबली तरी निदान चाल हातात राहते, आणि चाल चांगली असेल तर वाजलेली वेळ तासन् तास घसरत नाही. हे दोन्ही एकमेकांना पर्याय नाहीत. खरेदीच्या बैठकीत कोणी "दोन्हींपैकी एक चालेल" म्हणाला तर तो साईटवर गेलेला नाही असं समजावं.

पुन्हा पावसात येतो. त्या दिवशी माझा पहिला संशय पावसावर होता. त्या साईटला फायबर नव्हतं. समोरच्या कड्यावरच्या टॉवरशी मायक्रोवेव्हची लिंक होती. आपल्याकडे मायक्रोवेव्हचं नेहमीचं चॅनेल २८ मेगाहर्ट्झ रुंदीचं असतं. आकाश स्वच्छ असताना रेडिओ लहरीच्या एका ठोक्यात आठ-आठ बिट कोंबतो. धो-धो पाऊस आला की तो सावध होतो आणि दोनच बिट घालतो. लिंक तुटत नाही, पण क्षमता चौथ्या हिश्श्यावर येते. दोनशे मेगाबिट जात होते तिथे पन्नास.

रेडिओ शहाणपणाने वागला. पण राउटर? तो रेडिओला एक गिगाबिटच्या इथरनेट वायरने जोडलेला. त्याच्या दृष्टीने रस्ता पूर्वीइतकाच रुंद. तो आपला माल ओततच राहतो आणि रेडिओ दाराशी आलेलं डोळे मिटून फेकतो. त्यात कोणाचा चित्रपट असतो, कोणाचा १०८ला लावलेला फोन असतो, आणि वेळेची पाकिटंही असतात. म्हणजे पावसाने आधी डेटा मंद होतो, मग घड्याळ बिघडतं, मग शेजारच्या गावांची रेंज.

म्हणून डोंगराळ भागासाठी राउटर घेताना मी विचारतो, रेडिओने "आता पन्नासच" असं कळवलं तर तुझा राउटर ऐकतो का? यासाठी मानकात बँडविड्थ नोटिफिकेशनचा संदेश आहे. तो आला की राउटरने आपला नळ बारीक करायचा आणि आतल्या आत रांग लावायची. सर्वांत आधी घड्याळ. मग नेटवर्कचं स्वतःचं बोलणं, म्हणजे कोणता फोन कुठे आहे वगैरे. मग माणसांचं बोलणं. ते तर किती थोडं असतं, एका कॉलला काही मोजके किलोबिट. उरलेल्यात यूट्यूब. मुसळधार पावसात रील अडकणं ही तक्रार नव्हे, पण कॉल अडकला तर ती नक्कीच तक्रार. हा क्रम लावायला राउटरमध्ये रांगांच्या आत रांगा असाव्या लागतात. स्वस्त डब्यांत चार सपाट रांगा असतात आणि कॅटलॉगमध्ये तरीही 'क्यूओएस', म्हणजे सेवेचा दर्जा, असं ठळक लिहिलेलं असतं.

त्या दिवशी मात्र पावसाचा काही दोष नव्हता. रेडिओचे आकडे पाहिले, मॉड्युलेशन, म्हणजे ठोक्यातले बिट, उतरलेलं होतं पण पन्नासातले वीसही वापरात नव्हते. तंत्रज्ञ म्हणाला, "सर, एक सांगू का, मेसेज जातोय. फोटो नाही जात." हे ऐकलं आणि मी कपाळाला हात लावला. "डबा कधी बदलला, दादा?"

"चार दिवस झाले. जुना विजेत गेला."

झालं होतं असं. इथरनेटच्या एका पाकिटात सर्वसाधारणपणे १,५०० बाइट माल बसतो. फोनही साधारण तेवढंच मोठं पाकीट बांधतो. पण टॉवर ते पाकीट तसंच पुढे देत नाही. त्यावर आपलं वेष्टण चढवतो : पत्त्याचे २० बाइट, मग ८, मग आणखी ८. एकूण १,५३६. नव्या डब्याचं पोर्ट कारखान्यातून आलं तसं १,५०० वरच राहिलं होतं. 'जेवलास का?' हा संदेश छोटा, आरामात जातो. फोटोची भरगच्च पाकिटं मोठी, ती दारात अडतात. काड्या पूर्ण, पिंग उत्तम, मुख्य केंद्रातल्या पडद्यावर साईट हिरवीगार. आम्ही राउटरवरून मोठ्या मापाचं, न तोडता जाणारं पिंग मारून पाहिलं. १,५०० गेलं. १,५३६ गेलं नाही. एका ओळीची दुरुस्ती. त्यासाठी तीन दिवस वाडीतली पोरं टेकडीवर चढून दुसऱ्या कंपनीची रेंज शोधत होती.

यातून निवडीसाठी दोन प्रश्न निघतात. सगळी पोर्ट मोठी पाकिटं घेतात का? वेष्टणावर सुरक्षेचं कुलूप, म्हणजे आयपीसेक, चढवलं तर आणखी साठ-सत्तर बाइट वाढतात, तेही धरून. आणि नवा डबा वीज लावताच स्वतःची सगळी मांडणी मुख्य केंद्राकडून ओढून घेतो का? त्याला झीरो-टच म्हणतात. नगरहून घाटघरला माणूस पाठवणं म्हणजे अख्खा दिवस आणि एक जीप. माणूस भिजत उभा राहून लॅपटॉपवर ओळी टाइप करणार असेल तर एखादी ओळ राहणारच. त्या तंत्रज्ञाची चूक मी मानत नाही.

वेगाचा आकडा मी मुद्दाम इतका मागे ठेवला. तो महत्त्वाचा नाही असं नाही, पण तो सगळ्यांना कळतो. तरी त्यातले दोन सापळे सांगतो. कॅटलॉगमधली क्षमता बहुधा येणारा आणि जाणारा असा दोन्हीकडचा माल मिळून लिहिलेली असते, म्हणजे निम्मी समजायची. दुसरं, पाकिटं किती मोठी धरून मोजली ते विचारायचं. एक गिगाबिटची लिंक सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या पाकिटांनी भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पाकिटं होतात. प्रत्येकाचा पत्ता वाचायचा, रांग ठरवायची. मोठ्या पाकिटांवर पळणारे काही डबे इथे धापा टाकतात.

मग टॉवरला किती लागतं? फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झच्या एका सेक्टरची कमाल १५० मेगाबिट. तीन सेक्टरांचे ४५० धरायचे का? नाही. तिन्ही बाजू एकाच क्षणी शिगेला पोचत नाहीत. रिवाज असा की एका सेक्टरची कमाल आणि तिन्हींची गर्दीच्या वेळची सरासरी बेरीज, यांतलं जे मोठं ते धरायचं. पाथर्डीतल्या एखाद्या वस्तीसाठी हा रिवाज ठीक आहे. पण शनी अमावास्येला शिंगणापुरात आणि रामनवमीला शिर्डीत तो कोलमडतो. तिथे तिन्ही बाजू एकदमच शिगेला पोचतात, आणि माल उलट्या दिशेने वाहतो, कारण प्रत्येक जण फोटो पाठवत असतो, व्हिडिओ कॉलवर घरच्यांना कळस दाखवत असतो. आषाढीआधी त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून जाते, तेव्हा तर ही गर्दी चालत एका टॉवरवरून दुसऱ्यावर सरकते. अशा वाटेवर फाइव्ह-जीचा एकच सेक्टर गिगाबिटच्या वर जाऊ शकतो, म्हणून दहा गिगाबिटची पोर्ट आजच घेऊन ठेवावीत. घेताना लायसन्स बघावं. भोक आहे, दिवाही आहे, पण पैसे भरेपर्यंत ते पोर्ट उघडत नाही असे डबे बाजारात आहेत.

उसाच्या पट्ट्यात प्रश्न वेगळा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आता सत्तर वर्षं उलटली. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. गाळपाच्या हंगामात आसपासच्या अंगणात वाळत घातलेल्या धोतरावर काळी कणी येते ती बगॅसची राख. तीच कॅबिनेटमध्ये शिरते. पंखा असलेला राउटर ती आत ओढून घेतो आणि दोन हंगामांत पंख्याची बेअरिंग झिजतात. इथे बिनपंख्याचाच डबा हवा, ज्याची पाठ म्हणजेच उष्णता सोडणारी पन्हळीदार अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. तो उणे ४० ते ६५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असावं. उणे चाळीसशी आपल्याला कर्तव्य नाही, पण मे महिन्यात जामखेडला बाहेर बेचाळीस असताना उन्हातल्या लोखंडी कपाटात किती होतं, ते हात घालून बघावं.

विजेचंही तेच. ६० वॅटचा डबा आणि १५० वॅटचा डबा यांत फरक ९० वॅटचा. आठ तास लाइट गेली तर ७२० वॅट-तास, ४८ व्होल्टच्या बॅटरीतले १५ अ‍ॅम्पिअर-तास नुसत्या राउटरच्या भुकेला. तेवढीच जास्तीची बॅटरी घ्या, नाहीतर तेवढं डिझेल जाळा. खरेदीच्या कागदावर हा खर्च कुठेच दिसत नाही, कारण तो दुसऱ्या खात्याचा असतो.

रिंगबद्दल दोन शब्द. इथरनेटच्या रिंगमध्ये एक बाजू तुटली की ५० मिलिसेकंदांत माल दुसऱ्या बाजूने वळतो, बोलणाऱ्याला कळतही नाही. चांगले राउटर हे करतात. पण रिंगची दोन्ही टोकं रस्त्याच्या एकाच चरातून किंवा एकाच मोरीतून गेली असतील तर ती रिंग फक्त नकाशावर आहे. रस्तारुंदीकरणाचा एक जेसीबी दोन्ही कापतो. खोदण्याआधी कळवायची सोय म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं. जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये ते असेल का, हा प्रश्न आहेच. अकोल्याला खरी रिंग हवी असेल तर एक हात संगमनेरकडे आणि दुसरा बारीवरून घोटीकडे, किंवा कोतूळ-ब्राह्मणवाड्यावरून ओतूरकडे जायला हवा. म्हणजे नाशिक किंवा पुणे जिल्ह्यात. डोंगर कलेक्टरच्या हद्दी मानत नाही, नेटवर्कनेही मानू नयेत. पण खर्च कोणाच्या जिल्ह्यावर टाकायचा यावर बैठका होतात.

खरेदी कशी होते तेही पाहू. १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नेटवर्कमधली नवी यंत्रं सरकारने विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात. त्यामुळे यादी आधीच आखडलेली असते. देशी माल किती मोठ्या प्रमाणावर येतोय याचं एक उदाहरण. २०२३ च्या सुरुवातीला बीएसएनएलने बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सला देशभरासाठी १३ हजारांवर राउटरचं ६९६ कोटींचं काम दिलं, पुरवठा, बसवणं, चालू करणं सगळं धरून. ढोबळ भागाकार केला तर डब्यामागे सव्वापाच लाखांच्या थोडं वर.

सरकारी निविदेत सर्वांत कमी दराचा, ज्याला सगळे 'एल-वन' म्हणतात, तो जिंकतो. यात वाईट काही नाही, पण मग निवड दर उघडायच्या दिवशी होत नाही. ती अटी लिहिल्या त्या दिवशीच झालेली असते. 'राउटर १५८८ ला सपोर्ट करेल' असं लिहिलं की पाकीट ढकलणारा डबाही पात्र. 'दहा राउटरांच्या साखळीत, लिंक ऐंशी टक्के भरलेली असताना, शेवटच्या टोकाची चूक इतक्या नॅनोसेकंदांच्या आत राहील आणि हे आमच्यासमोर मोजून दाखवावं लागेल' असं लिहिलं की बाजारातली निम्मी गर्दी आपोआप निघून जाते. जनावर चालवून बघणं म्हणतात ते हेच. गाडीला जुंपून, चढावर.

वाडीचं काम संपेपर्यंत साडेचार वाजले. तंत्रज्ञाने खाली चहाच्या टपरीवर फोन लावून फोटो मागवला, तो आला, कुणाच्या तरी वासराचा. मग त्याने मुख्य केंद्राला विचारलं, "मॅडम, ऑफसेट किती दिसतंय?" पलीकडून घड्याळाच्या चुकीचा आकडा आला, चाळीस नॅनो. त्याने मान डोलवली, खिशातून एम-सीलचा गोळा काढून केबल शिरतात त्या भोकात दाबला, कारण मागच्या वेळी तिथून पाल आत गेली होती, आणि कॅबिनेटचं दार गुडघ्याने रेटून कुलूप लावलं. पाऊस अजून आडवाच होता.